श्रावणभाऊजींची तोंडी परीक्षा

श्रावणभाऊजींना अभ्यासाला बसताना तीन गोष्टी लागायच्या: पुस्तक, खडू आणि मी. सकाळी मी चुलीपुढे भाकरी थापायला बसले की ते माझ्यामागे सारवलेल्या जमिनीवर खडूने विजेची मोटर काढायचे आणि मला समजावून सांगायचे. चार-पाच वाक्यं झाली की थांबत. मी "हूं" म्हटलं की पुढे जात. मी भाकरीच्या नादात विसरले तर त्यांची गाडी तिथेच उभी.

"वैनी, हूं म्हना ना! सांगनाऱ्याले हुंकार नाई भेटला तं तो वाट चुकते."

त्यांच्या खेड्यात गोष्ट सांगायची रीतच तशी होती. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, तो थांबला की गोष्ट बंद. भाऊजींनी ती रीत थेट इंजिनिअरिंगला लावली.

ते माझे धाकटे दीर. गाव चांदूर बाजारजवळ. आमचे लोक बौद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा भाऊजी हाफपँटमध्ये होते. पुढे घराण्यात मॅट्रिक झालेले ते पहिले. मग अमरावतीला विजेच्या इंजिनिअरिंगला लागले आणि आमच्याकडे राहायला आले. हे एका कचेरीत शिपाई होते. कॅम्प भागाच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांत वीज नव्हती. भाऊजी हसायचे, "दिव्याखाली अंधार म्हनतात, थो आपल्याच घरी हाय पाहा."

त्यांची पुस्तकं इंग्रजी, कॉलेजातलं शिकवणंही इंग्रजी. ते इंग्रजी वाचत, त्याचं वऱ्हाडी करत आणि माझ्या कानात घालत. त्यानंतरच ते त्यांच्या डोक्यात बसे. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, मी चवथी शिकलेली. मले काय समजते?"

"चवथी म्हंजे गंज झालं, पुस्कळ झालं, वैनी. विजेले तरी कुठी इंग्रजी येते?"

लेखी पेपरात त्यांना चांगले मार्क पडत. पण तोंडी परीक्षेत परीक्षक समोर बसला, चेहरा दगडासारखा ठेवून इंग्रजीत विचारू लागला, की भाऊजींची जीभ टाळूला चिकटे. मोटरच्या विषयात ते असे एकदा नापास झाले होते. पुन्हा नापास झाले असते तर शिष्यवृत्ती बंद होणार होती आणि तिच्याबरोबर कॉलेजही. मामंजींनी तर निरोपच पाठवला होता, की यावेळी जमलं नाही तर वावरात ये, इकडे हात कमी पडतात.

त्या दिवसांत एका सकाळी भाऊजी सांगत होते, की मोटर सुरू होताना खूप वीज खेचते. एकदा फिरायला लागली की तीच उलटा जोर तयार करते आणि येणाऱ्या विजेला अडवते. "बैल गाडी हालवतानी जीव लावतात. गाडी चालली का मंग सैल होतात. तसंच."

मी हूं म्हटलं. मग कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "अन वझं वाढलं तं? आता जास्त वीज घ्या लागते हे मोटरले कसं समजते? बैलाले तं मानेवर समजते."

खडू हातात तसाच राहिला. "वैनी, हे तुमी काहून इचारलं?"

"चुकलं काय?"

"चुकलं नाई. मलेच येत नाई!"

ती भाकरी करपली. भाऊजी तसेच केस न विंचरता कॉलेजात गेले. दोन दिवस जमिनीवर खडू टेकला नाही. तिसऱ्या दिवशी दारातूनच ओरडत आले, "वझं वाढलं का मोटर हळू होते, वैनी! हळू झाली का तिचा उलटा जोर कमी होते. अडवनाराच सैल पडला तं वीज आपोआप जास्त येते. तिले कोनी सांगा लागत नाई!" आणि चुलीभोवती नाचले. मी तोंडात पदर कोंबून हसत होते.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी ताटाला हात लावला नाही. हे म्हणाले, "खाऊन जाय बे. तोंडी परीक्षा हाय, तोंड चालतं ठेव."

दुपारी परत आले ते उंबऱ्यावरच बसले. "वैनी, मी मेलो."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग त्यांनी सगळं सांगितलं. परीक्षक नागपूरचे, म्हातारेसे, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारला. भाऊजी गप्प. दुसऱ्यांदा विचारला, तरी गप्प. बाजूला बसलेले भाऊजींच्या कॉलेजातले सर खाली पाहू लागले. शेवटी परीक्षक कंटाळून खिडकीकडे वळले आणि आपल्याशीच म्हणाले, "हूं."

झालं! भाऊजींचं तोंड उघडलं. "तं पाहा वैनी, मोटर सुरू झाली का..."

परीक्षक हळूच वळले आणि मराठीत म्हणाले, "वैनी कोण?"

"घरच्या, सर. थ्या भाकरी करतात, मी सांगतो. चुकून निंघालं, सर."

"मग थांबलास कशाला? सांग वहिनीला."

भाऊजींनी टेबलावर बोटाने मोटर काढून सगळं वऱ्हाडीत सांगितलं. ते नागपूरचे गृहस्थ प्रत्येक ठिकाणी हूं म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "यावर तुझ्या वहिनीनं काही शंका काढली?"

"हो सर. वझं वाढलं हे मोटरले कसं समजते, म्हने."

"मीही तेच विचारणार होतो. सांग."

ऐकता ऐकता मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मायबाई! परक्या मानसापुढं मले काहून नेलं, भाऊजी?"

"मी कुठी नेलं? तुमीच आल्या."

निकाल लागला त्या दिवशी हे कचेरीतून आले ते सायकलची घंटी गल्लीच्या टोकापासून वाजवत. भाऊजी पास झाले होते. पुढच्या वर्षी शेवटची परीक्षाही पास झाले आणि त्यांना अकोल्याला विजेच्या खात्यात नोकरी लागली. जठारपेठेत खोली मिळाली.

आम्ही दोघं त्यांना पोचवायला मोटारस्टँडवर गेलो. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. डोळे भरलेले होते. "वैनी, आता अकोल्यात मी कोनाले सांगू?"

एरवी चार माणसांत मी मान वर करत नसे. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून असं खणखणीत निघालं, की गाडीतली माणसं वळून पाहू लागली.

"बायको करा अन तिले सांगा! पन तिची भाकरी करपू देऊ नोका!"

सगळी गाडी हसली. भाऊजी रडता रडता हसू लागले. गाडी हलली, धूळ उडाली, आणि हे माझ्याकडे नवं माणूस पाहावं तसे पाहत म्हणाले, "अवं, तुले इतक्या जोरानं बोलता येते व्हय?"