आत्या गेली, अकरा फोनवर

आमच्या आत्याला आजवर दोनदा मारण्यात आलं. पहिल्यांदा माझ्या वडिलांनी मारलं, दुसऱ्यांदा मी. दोन्ही वेळा ती बोरिवलीच्या घरी धडधाकट बसलेली होती. म्हणजे दुसऱ्या वेळी धडधाकट नव्हती, पण बसलेली होती.

पहिला प्रकार माझ्या लग्नपत्रिकेत घडला. निमंत्रकांच्या यादीत सगळ्यात वर आजोबा आणि आजी, दोघांच्याही नावाआधी 'कै.'. त्याखाली आत्या, माझ्या वडिलांची मोठी बहीण. छापखान्यातल्या माणसाचा हात बहुधा ओघात चालत राहिला आणि तिसरं 'कै.' आत्याला लागलं. पत्रिका सगळ्या गणगोतात वाटून झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं. आत्यानं तिच्या मालवणीत निरोप पाठवला, 'मेलेली माणसां लग्नाक येणत नाय,' आणि ती खरंच आली नाही.

वडिलांनी माफी मागितली असती तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण वडील शाळामास्तर. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाईनं गोल काढलेला माणूस स्वतःच्या चुकीवर गोल कसा काढणार? त्यांचं म्हणणं एकच: "मी शब्द न् शब्द तपासून प्रुफावर सही केली होती. घोळ नंतर छापखान्यानं घातला. मी कशाला 'चुकलो' म्हणू?" आत्याला तेवढा एकच शब्द हवा होता. वडील घाटकोपरला, आत्या बोरिवलीला, आणि मध्ये सहा वर्षांचा अबोला. मला दोघांचाही संताप यायचा.

मग आत्याच्या फुप्फुसांनी कुरकूर सुरू केली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. मशीन विजेवर चालतं, आणि तिची बिल्डिंग इतकी जुनी की गिझर आणि मिक्सर एकदम लावले तरी मेन स्विच पडतो. मशीन बंद पडलं तर बाजूला ठेवलेला सिलिंडर उघडायचा. आत्या एकटी राहायची आणि कोणाकडे राहायला जायला तयार नव्हती. लाईट गेली तर कोणाला तरी तत्काळ कळायला हवं होतं.

मी अंधेरीत एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर मी एक फुकट मिळणारं, ज्याचा कोड कोणालाही वाचता येतो असं सॉफ्टवेअर चढवलं. त्याला एखाद्या स्क्रिप्टनं, म्हणजे आपण लिहिलेल्या छोट्याशा प्रोग्रॅमनं, एक ओळ दिली की ती ओळ, ज्यांनी ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांच्या फोनवर वाजते. नवरा म्हणाला, "एवढा खटाटोप कशाला? फॅमिली ग्रुप आहे ना." फॅमिली ग्रुपवर सकाळी फुलं येतात, दुपारी काढे येतात. त्यात 'आत्याला ऑक्सिजन नाही' आलं असतं तर चौघांनी हात जोडले असते आणि एकानं केक पाठवला असता.

आत्याच्या भिंतीवरच्या प्लगात मी एक छोटा डबा लावला. तो दर मिनिटाला माझ्या लॅपटॉपकडे हजेरी लावायचा. तीन हजेऱ्या चुकल्या की माझी स्क्रिप्ट अकरा फोनवर कळवायची, 'आत्याकडची लाईट गेली'. सगळ्यात वरच्या तातडीनं, म्हणजे फोन गप्प ठेवलेला असला तरी ठणाणा करणार. हजेरी परत सुरू झाली की 'लाईट आली'. यादीत पहिल्या आत्याच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी, मग मी, बोरिवली-गोरेगावची माझी भावंडं, आणि अकरावे माझे वडील. त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, "मलाही घाल त्यात. तिला सांगू नकोस." लाईट गेली की त्यांचा मला फोन यायचा, "आली का?" बहिणीचं नाव चुकूनही घ्यायचे नाहीत.

सहा महिने झकास चाललं. मग मला सुचलं की स्क्रिप्ट जरा नीटनेटकी करावी. चालत्या गाडीला हात लावू नये हे मी ऑफिसात नव्या पोरांना रोज सांगते. घरी मात्र मी लावला. 'आत्याकडची'चं नुसतं 'आत्या' केलं आणि कोण, काय, गेली की आली, अशा तीन जागा केल्या, म्हणजे हीच स्क्रिप्ट सासूबाईंच्या घरीही वापरता येईल. त्यातल्या 'काय'च्या जागेचं नाव एके ठिकाणी मी चुकीचं लिहिलं. या स्क्रिप्टांची खोड अशी की नाव चुकलं तर त्या ओरडत नाहीत, तिथं मुकाट्यानं काहीच छापत नाहीत. मी चालवून पाहिलं नाही. एवढ्याशा बदलाला काय बघायचं?

पुढच्या बुधवारी सकाळी अकरा वाजता अकरा फोन ठणाणले. त्यांवर लिहिलं होतं: 'आत्या गेली'.

लाज वाटते सांगायला, पण मीसुद्धा विश्वास ठेवला. ती ओळ मीच लिहिलेली, पाठवणारा लॅपटॉप माझा, आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून हमसाहमशी रडले. मग रिक्षा पकडली. गोरेगाव मागे पडल्यावर डोकं चालायला लागलं. ही बातमी दिली कोणी? माझ्या सर्व्हरवर माझ्या स्क्रिप्टशिवाय कोणी बोलू शकत नाही. फोन काढून नीट पाहिलं, तर 'आत्या' आणि 'गेली' यांच्यामध्ये एक नाही, दोन मोकळ्या जागा होत्या. लाईट तिथून गळली होती.

आनंद व्हायला हवा होता, पण दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं. म्हणजे लाईट खरंच गेलीय आणि मशीन बंद आहे! आत्याला फोन लावला तर बंद; ती चार्जिंग वाचवायला फोन बंदच ठेवते. वहिनींना लावला, त्या भाजीबाजारात एका गोणीवर बसून रडत होत्या. वडिलांना लावला, उचलेनात. एकाही माणसानं आत्याला फोन केला नव्हता. गेलेल्या बाईला कोण फोन करणार?

मी पोचले तेव्हा जिन्यात चपलांचा ढीग होता. आत आत्या खुर्चीत बसली होती, नाकाला सिलिंडरची नळी, मांडीवर सोललेल्या लसणाचं ताट, आणि समोर पांढऱ्या कपड्यांतले सहा नातेवाईक. सिलिंडर तिनं स्वतःच उघडला होता.

"इलंस?" मला बघून ती म्हणाली. "ये. माझ्या मयताक बस."

मी तिच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि सगळं सांगितलं. ती अशी हसली की नळी निसटली. एवढी माणसं जमली होती, पण मेन स्विच वर करायचं कोणाला सुचलं नव्हतं. तो मी केला. मशीन घुरघुरलं, आणि मिनिटभरात खोलीतले सगळे फोन एकदम ठणाणले: 'आत्या आली'. मग मात्र पांढऱ्या कपड्यांतली ती मंडळी पोट धरधरून हसली.

त्या हसण्यात वडील दारात येऊन उभे राहिले.

घामाघूम, काखेत कागदी पुडकं. 'आत्या गेली' वाचल्यावर फोन त्यांनी पुन्हा पाहिलाच नव्हता. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"इतकी वर्सां खंय होतंस रे मेल्या?" आत्या म्हणाली.

आत्याचं लक्ष पुडक्याकडे गेलं. "काय ता?"

त्यांनी ते पाठीमागे धरलं. पण खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची लागते, आणि आत्याला माहेरचा आता हा एकच भाऊ उरला होता. हसणं थांबलं. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"बाबा, माझी चूक," मी म्हणाले. "मी बदल केला आणि एकदाही वाचून पाहिला नाही. नुसतं पाठवून दिलं."

वडिलांनी चौकट सोडली. मग आत्याकडे वळून म्हणाले, "मीपण वाचलं नव्हतं गं, आक्का."

"काय?"

"पत्रिका. त्या दिवशी घाई होती. न वाचताच सही केली. मास्तर असून वाचलं नाही, हे सांगायची लाज वाटली. चुकलो."

एवढ्याशा वाक्याला सहा वर्षं लागली होती. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. आत्यानं नुसता हात पुढे केला, आणि वडिलांनी पुडकं तिच्या हातात दिलं. आत गडद जांभळी साडी निघाली. तिनं ती उजेडात धरली.

"ह्यो रंग? माका?" ती म्हणाली. "बदलून आण."

"परत घेणार नाही तो," वडील खाली बघत म्हणाले. "कशासाठी हवी ते मी त्याला सांगितलंय."

"मगे मीच येतंय. बघूया कसो घेणा नाय तो."

रविवारी आम्ही तिघं गेलो. दुकान बोरिवली स्टेशनसमोरच होतं. लहान सिलिंडर माझ्या खांद्यावर, त्याची नळी आत्याच्या नाकात, आणि आत्या वडिलांच्या दंडाला धरून. दुकानदारानं वडिलांना ओळखलं. उठून उभा राहिला, हात जोडले आणि हलक्या आवाजात विचारलं, "काका, ताईंचं सगळं नीट पार पडलं ना?"

वडिलांनी आत्याला हाताला धरून गादीवर बसवलं आणि म्हणाले, "हीच ती. हिला हिरव्यातल्या दाखवा."