पोप मोठा की चेअरमन?

वीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये काढली की किस्से जमवावे लागत नाहीत, तेच येऊन चिकटतात. भिवंडीच्या आमच्या कॉलेजात इतिहासाला आम्ही दोघंच. मी विभागप्रमुख, माझ्याकडे मराठेशाही. मोमीन सरांकडे मध्ययुगीन युरोप. किस्से मात्र सगळे त्यांचेच!

*

एकदा सर शिकवत होते, बिशप कुणी नेमायचा, राजानं की पोपनं? वज्रेश्वरीकडचा एक मुलगा ताडकन उठला. "सर, आमच्या गावात पन ह्योच राडा हाय! पुजारी गावानं नेमायचा का ट्रस्टनं? दोन वर्सं पालखी निघाली न्हाय!"

सर खूश! "शाब्बास! हेच पेपरात लिही."

त्यानं लिहिलं. पण पेपर तपासला युनिव्हर्सिटीनं. पोरगा नापास! सर आठवडाभर चहाला आले नाहीत.

*

दुसऱ्या एका वर्गात त्यांनी विचारलं, "मग धर्मगुरू नेमायचा हक्क कुणाचा?"

मागून आवाज आला, "सर, आपल्याकडे तर प्रिन्सिपॉलपण चेअरमनच नेमतात!"

*

एक दिवस संस्थेचे चेअरमन स्वतः वर्गात येऊन बसले. पोपची माफी मागायला एक जर्मन राजा तीन दिवस बर्फात अनवाणी उभा होता, ते सर रंगवून सांगत होते.

तास संपल्यावर चेअरमन म्हणाले, "खुद्द राजाला असं ताटकळत ठेवतात होय?"

सर म्हणाले, "पोपला ट्रस्टी नव्हते, साहेब!"

स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. चेअरमन हसले नव्हते.

*

त्याच वर्षी चेअरमनचा पुतण्या एफवायला सरांच्या पेपरात उडाला. एफवायचे पेपर कॉलेजातच तपासतात. शंभरात अकरा! मार्क वाढवायचा निरोप आला. सर म्हणाले, "कॉलेज त्यांचं आहे. लाल पेन माझं."

मग त्यांना चेअरमनच्या केबिनवर बोलावलं आणि दाराबाहेर उभं ठेवलं. सकाळी अकरा ते दुपारी चार! मी दोनदा तिथून गेलो. पहिल्यांदा "काय सर?" म्हणालो. दुसऱ्यांदा खाली बघून गेलो.

संध्याकाळी तोच पेपर माझ्या टेबलावर आला. "तुम्ही विभागप्रमुख, तुम्हीच पुन्हा तपासा." मी तपासला. पोरगा पास झाला. महिन्याभरात सरांनी राजीनामा दिला. का, ते मी विचारलं नाही.

*

तीन वर्षांनी धामणकर नाक्यावर त्यांच्या भावाच्या सुताच्या दुकानात सर दिसले. यावेळी मात्र पाय पुढे जाईनात. आत गेलो आणि सांगून टाकलं, "सर, त्या पेपरवर सही माझी होती."

"मालूम है," सर म्हणाले. त्यांनी दोन चहा सांगितले. "किती दिले होते?"

"बावन्न."

तेवढ्यात चहा आला. सरांनी एक कप माझ्यापुढे सरकवला.

"बावन्न कशाला, सर? पस्तीसला पास होतो की!"