शिंकेची रिकामी मात्रा

आमची ताई बँडमध्ये ड्रम वाजवायची. थोडीथोडकी नाही, बावीस वर्षं. बाकी सगळे पुरुष. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ, पण माझी जीभ कुठली गप्प बसते! "ढमढम करून डोक्याचा पार भुगा झालाय तुझ्या," असं मी येताजाता म्हणायचो. ती हसण्यावारी न्यायची.

मग मनगट गेलं. डॉक्टरांनी वाजवणं बंदच करायला लावलं. बेचाळिसाव्या वर्षी नोकरी शोधणं आलं, आणि रुग्णवाहिकेच्या फोनकेंद्रात नेमकी एक जागा निघाली. पलीकडच्या घाबरलेल्या माणसाचा नंबर एकदा ऐकायचा आणि बिनचूक टिपायचा, असं काम. ही नोकरी मिळाली नसती तर तिला माझ्याकडे राहायला यावं लागलं असतं. आमचं दोघांचं चार दिवससुद्धा पटत नाही, त्यामुळे मीही देव पाण्यात घालून बसलो होतो.

परीक्षेला सोबत गेलो. दार उघडंच होतं, बाकावरून सगळं दिसत होतं. केंद्राचे साहेब सर्दीने बेजार. नाक पुसत म्हणाले, "आकड्यांत बायकांचं डोकं जरा कमीच चालतं, पण बघू." मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

साहेब दहा आकडे वाचायचे, ते थांबले की ताईने दहा चौकोनांत लिहायचे. अशा दहा ओळी, आणि एकही चूक चालणार नव्हती. ताई मांडीवर बोटं आपटत ऐकत होती. नऊ ओळी अचूक. दहावीत साहेब मध्येच शिंकले. ताईने एक चौकोन कोरा सोडला, पुढचे आकडे एकेक घर सरकले आणि शेवटचा चौकोनाबाहेर गेला.

"चुकलं. बाद," साहेब म्हणाले.

"चुकलं कसं? पाचानंतर तुम्ही शिंकलात. तेवढी मात्रा मी रिकामी सोडली."

साहेबांनी कागद जवळ ओढला. कोरं घर खरंच पाचानंतर होतं. तेवढ्यात ताईने पहिल्या ओळीपासून शंभरच्या शंभर आकडे धडाधड म्हणून दाखवले. साहेब यादीवर बोट फिरवत राहिले. बोट एकदाही अडखळलं नाही.

"हे कसं करता तुम्ही?"

"तीन, तीन, चार, असा ठेका धरायचा. मग डोकं बाईचं असो नाहीतर बाप्याचं, आकडे बसतात."

"बरं. शिंका तेवढ्या लिहू नका," साहेब म्हणाले. "उद्यापासून या."

बाहेर आल्यावर ताई जिन्यातच बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने.

"बावीस वर्षं बँडमधल्या पुरुषांत वाजवलं रे," ती म्हणाली. "कसं करतेस, हे आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

मी तिची पिशवी मांडीवर घेऊन तिच्याशेजारी बसलो. मीही कधी विचारलं नव्हतं.