मागच्या डाव्या चाकाचा वास

या सदरातले अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नाक मुरडूनच. उलट्या पायांची बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा... माझा सगळा जन्म गॅरेजात गेला. गाडी आवाज करते तर त्याला कारण असतं, दिवा लागतो तर कुठेतरी वायर टेकलेली असते — एवढंच माझं शास्त्र. आजही त्यावर माझा विश्वास आहे. एका गाडीपुरतं ते मला लागू करता आलं नाही. आणि ती गाडी आठवली की भीती वगैरे वाटत नाही, किळस येते. अजूनही जेवताना आठवली तर ताट बाजूला सारावं लागतं.

गोष्ट ऐंशीनंतरची, नागपूरची. घाट रोडवर माझं गॅरेज होतं. पत्र्याचं शेड, मागे एक कडुनिंब, आणि कामाला इस्माईलभाई नावाचे मेकॅनिक. मी आणि ते एकाच उस्तादाकडे शिकलो होतो, त्यामुळे मालक-नोकर असं काही नव्हतं.

विलास नावाच्या एका ठेकेदाराच्या मुलाची पांढरी गाडी आमच्याकडे सर्व्हिसिंगला यायची. ही गाडी त्याला सासऱ्यांनी दिली होती. सासरे उमरेडचे, हातमागवाल्यांच्या घरातले. पहिल्यांदा गाडी घेऊन तेच आले होते, सोबत मुलगी — सुनंदा तिचं नाव. बोनेटवर धूळ बसली होती ती त्या माणसाने स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्याने पुसली होती. पुढे दोन वर्षांत ती मुलगी जळून गेली. स्टोव्हचा भडका उडाला, असं सांगितलं गेलं. त्या काळात पेपरात अशा बातम्या इतक्या यायच्या की लोक पान उलटायचे. पोलीस आले, गेले. गाडी मात्र विलासकडेच राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो गाडी घेऊन आला. सोबत त्याची आई होती.

"मधुभाऊ, मागून घूं घूं आवाज येऊन राहिला," विलास म्हणाला. "आणि हा ब्रेकचा लाल दिवा विझतच नाही. लवकर करून द्या. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं."

मी गाडी चालवून पाहिली. उजवीकडे वळलं की आवाज वाढायचा, डावीकडे वळलं की कमी व्हायचा. म्हणजे वजन डाव्या चाकावर पडलं की घुमतंय — डाव्या बाजूचं बेअरिंग. साधी गोष्ट. दिव्याचंही तसंच. हँडब्रेक ओढलेला राहिला किंवा ब्रेक ऑइल कमी झालं की तो लागतो. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत गाडी तयार होईल.

इस्माईलभाईंनी मागची बाजू जॅकवर घेतली. डावं चाक वर-खाली धरून हलवलं तर चांगलंच खेळत होतं. चाक उतरवलं, ड्रम ओढून काढला... आणि ते तसेच मागे सरकले.

बेअरिंग तापलं की ग्रीस जळतं, त्याचा एक वास असतो. आम्हाला तो फुलांच्या वासासारखा ओळखीचा. हा तो नव्हता. हा केस जळाल्याचा वास होता. त्याच्या खाली घासलेटाचा, आणि त्याच्याही खाली काहीतरी गोडसर, तोंडात पाणी सुटून ओकारी येईल असं. आतलं ग्रीस काळं पडायला हवं होतं. ते पिवळसर होतं, थिजलेल्या चरबीसारखं, आणि बोटाला लागलं की सुटत नव्हतं.

"भाई, ये ग्रीस का बास नहीं है," इस्माईलभाई नाकावर रुमाल धरून म्हणाले. "कोई जानवर फँसा होगा."

मी वाकून पाहिलं. जनावर नाही, हाड नाही, काही नाही. मला उमासे यायला लागले. बाजूच्या पंक्चरवाल्याने दुकानाचं फाटक ओढून घेतलं आणि तिथूनच शिव्या दिल्या.

आणि विलासची आई? तिथून पाच-सहा हातांवर, लाकडी बाकावर बसून ती कचोरी खात होती. कागदात गुंडाळलेली कचोरी, वरून चिंचेची चटणी. बोटं चाटत होती.

"तुम्हाला वास नाही येत?" मी विचारलं.

"कायचा वास?" तिने इकडेतिकडे पाहिलं. "गॅरेजात पेट्रोलचा वास येणारच ना भाऊ." विलासलाही काही येत नव्हतं. तो तर ड्रमवर वाकून पाहत होता.

मग ती म्हणाली, "नीट करा हो गाडी. सून गेली, गाडी तेवढी राहिली. जपावं तर लागते."

हे बोलताना तिच्या ओठाला चटणी लागलेली होती. मला त्या वासाने जेवढं मळमळलं नव्हतं तेवढं त्या वाक्याने मळमळलं. मी शेडमागे जाऊन चूळ भरली.

आम्ही सगळं रॉकेलने... नाही, त्या दिवशी रॉकेलचा डबा उघडायची इच्छा झाली नाही, पेट्रोलने धुतलं. नवं बेअरिंग, नवं सील, ताजं ग्रीस, ब्रेक ऑइल पूर्ण. वास गेला. लाल दिवा जाईना. हँडब्रेकच्या स्विचची वायर काढली, लागलेलाच. ऑइलच्या टाकीवरची वायर काढली, तरी लागलेला. गाडी आमच्याकडेच ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सगळी वायरिंग तपासली. कुठेही टेकलेली नव्हती. शेवटी इस्माईलभाईंनी मीटर सोडवून त्या दिव्याचा बल्बच काढला आणि माझ्या हातात दिला. म्हटलं, आधी चाकाची ट्रायल घेऊ, दिव्याचं मग पाहू. बल्ब मी शर्टाच्या खिशात टाकला.

तेवढ्यात रिक्षातून विलास उतरला. सोबत भिवापूरकडचे एक शेतकरी गृहस्थ, गणपतराव, आणि त्यांची मुलगी शोभा. हीच ती नवरी. लग्नाच्या साड्या घ्यायला ते दोघं नागपूरला आले होते.

"ट्रायल घ्यायचीच आहे तर इतवारीपर्यंत घ्या," विलास म्हणाला. "यांनाही सोडणं होईल."

मी चालवायला बसलो, विलास माझ्या बाजूला, बापलेक मागे. भर दुपार. घाट रोडवरून निघालो तेव्हा गाडी अगदी शांत होती. कॉटन मार्केटच्या अलीकडे उजवं वळण घेतलं आणि मागच्या डाव्या चाकातून तो आवाज सुरू झाला. आदल्या दिवशी बसवलेल्या बेअरिंगमधून! आणि समोर... जिथे बल्ब नव्हता तिथे तो दिवा लागला. लालभडक. मी एका हाताने खिसा चाचपला. बल्ब खिशातच होता.

मग तो वास आला. मागून, सीटच्या आतून यावा तसा. गणपतरावांनी धोतराचा सोगा नाकाला लावला. "काय जळून राहिलं गा?" ते ओरडले.

"कुठे काय जळतंय? चला तुम्ही," विलास म्हणाला.

मी गाडी कडेला लावली. इंजिन बंद केल्याबरोबर मागचं दार उघडलं आणि शोभा खाली पडल्यासारखी उतरली. नालीच्या काठाला बसून ती भडाभडा ओकली. मी चाकाजवळ गेलो, मधल्या हबला, जिथे बेअरिंग बसतं तिथे, हात लावला. कोमट. नीट फिरलेल्या चाकाचा हब लागतो तसा. चाक हलवून पाहिलं, केसाएवढंही खेळत नव्हतं.

शोभा तोंड पुसत उठली. ती बावीसची असेल-नसेल, पण आवाज अजिबात कापत नव्हता. "बाबा, मले या घरात द्याचं नाही."

"अवं, गाडीचा वास आहे तो—"

"मले नाही द्याचं. सांगून राहिली मी."

विलास चिडला. "गाडीला वास आला म्हणून लग्न मोडता का? तमाशा आहे का हा?"

मला राहवलं नाही. मी गणपतरावांना विचारलं, "यांची पहिली बायको कशाने गेली, सांगितलंय का तुम्हाला?"

"सांगतलं ना. काविळीनं गेली."

"स्टोव्हच्या भडक्यानं गेली," मी म्हणालो.

गणपतराव विलासकडे वळले. विलास म्हणाला, "ॲक्सिडेंट होता तो. लोक काहीही बोलतात, म्हणून सांगितलं नाही."

"मंग कावीळ काहून सांगतली गा?" गणपतरावांनी अगदी हळू विचारलं.  त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं उन्हातून बसस्टँडच्या दिशेने चालायला लागले. साड्यांसाठी आणलेली रिकामी पिशवी तिच्या हातात तशीच होती.

विलास मला नको नको ते बोलला, स्टिअरिंगवर बसला आणि गाडी घेऊन गेला. मी पायी परतलो. अंगावरचे कपडे बायकोने मला घरात आणू दिले नाहीत. दोन वेळा अंघोळ केली, तरी रात्री भाकरीचा तुकडा तोंडात गेला नाही. त्या कुटुंबाची गाडी मी पुन्हा शेडमध्ये घेतली नाही. विलासचं पुढे काय झालं तेही मी कधी विचारलं नाही. त्या घराचं काही कानावर पडलं तरी तोंडाला कडू पाणी सुटायचं.

महिनाभराने गणपतराव एकटे गॅरेजात आले. त्यांनी मला घरच्या मिरच्यांची पुडी दिली. इकडचं तिकडचं बोलले. उमरेडला जाऊन सुनंदाच्या वडिलांना भेटून आलो, म्हणाले. तिथे काय बोलणं झालं ते मात्र सांगितलं नाही. चहा झाल्यावरही ते उठेनात. मग म्हणाले, "भाऊ, एक इचारू का? त्या दिवशी मागं आमी दोघंच होतो ना?"

"दोघंच होतात."

"मले बी तसंच दिसलं. पोरगी दाराले चिकटून बसली होती, तं मी तिले म्हटलं, सरक ना वं इकडं, मंधात एवढी जागा आहे." त्यांनी रिकामा कप बाकावर ठेवला. "तं ती माह्याकडं पाहून म्हणे... बाबा, कुठं आहे जागा?"

इस्माईलभाई पलीकडे चाक धूत होते, ते उठून जवळ आले.

"घरी गेल्यावर मी तिले खोदून खोदून इचारलं. पण ती त्याच्यावर काही बोलतच नाही."

मी त्यांना बेअरिंगचं सांगू शकलो असतो, वायरिंगचंही. ब्रेकचा दिवा का लागतो आणि बल्बशिवाय का लागू शकत नाही, हे तर अजून कोणालाही शिकवू शकतो. ज्या मधल्या जागेचं ते म्हणत होते, तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे तेव्हाही काही नव्हतं आणि आजही नाही.