गोचीड, साबण आणि मीराताई

‘मीराताई गेल्या,’ शेजारचे वसंतराव फोनवर बोलले आणि लगेच पुढे म्हणाले, ‘पहिले कुत्र्याचं काही तरी करा. थे कोनालेच आत येऊ देऊन नाही राह्यलं.’ यवतमाळहून आर्णी येईपर्यंत बसमध्ये मला रडू आलं नाही. त्या दुसऱ्या वाक्याचीच चीड येत राहिली...

मीराताई माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही. घरीच ब्लाउज शिवायच्या. मी नवी नवरी म्हणून त्या घरात गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्या अंगणात बसून बंड्या कुत्र्याच्या कानामागचे, बोटांच्या बेचक्यातले गोचीड उपटत होत्या. फुगलेले, करडे, पाय हलवणारे गोचीड साबणाच्या पाण्यात टपटप पडत होते आणि शेजारीच माझा चहा ठेवलेला. मी तो ओतून दिला. पुढेही काही कमी नव्हतं. बंड्याच्या कानाला नाक लावून त्या वास घ्यायच्या; आंबूस आला की डॉक्टरांनी दिलेलं औषध घालून तपकिरी मळ कापसानं टिपायच्या. जंताचं औषध दिलं की काडीनं त्याची शी उकरून पाहायच्या. सोनी मांजरीची रेतीची पाटी रोज उपसायच्या... मला उमासे यायचे. ‘तुले किळस येते त तिकडं पाहू नको,’ एवढंच म्हणायच्या. पण साबणानं हात धुतल्याशिवाय त्यांनी कधी माठाला हात लावला नाही, हेही सांगायला हवं.

एका साली बोंडअळी कुठल्याच औषधाला दाद देत नव्हती. लोक दोन-तीन औषधं एकत्र करून कपाशीवर फवारत आणि उरलेल्या बाटल्या घराघरांत पडून असत. ताई कापड आणायला दिग्रसला गेल्या होत्या. वसंतरावांनी तेच उरलेलं औषध बंड्याच्या अंगाला उघड्या हातानं चोळलं. मी बाहेर आले तोवर चोळून झालं होतं. मनात वाईट नव्हतं. सारे गोचीड एका झटक्यात जातील, असं ते मला हौसेनं सांगत होते. ताई परतल्या तेव्हा बंड्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, पाय लटपटत होते, अंगणभर पातळ शी. आणि औषधाचा तो कुजक्या लसणासारखा, घशाला चिकटणारा वास... ताईंनी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि त्याला साबण लावला. मी पाणी ओतत राहिले, मध्येच बाजूला जाऊन ओकले.

तेवढ्यात वसंतराव बघायला आले, त्याच हातानं तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकत. ताई उठल्या.

‘वसंतराव, ज्या हातानं चोळलं थो हात पहिले धुवा. मंग बोलू.’

ते हसले. ताईंनी त्यांना खर्रा थुंकायला लावला, मनगट धरलं आणि त्याच साबणानं त्यांचा हात कोपरापर्यंत धुतला, लहान पोराचा धुवावा तसा. मग ऑटोत घालून बंड्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं झाली, तो वाचला. पाठीवरचे केस मात्र परत आले नाहीत.

आता ताई गेल्यावर, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी नात्यातल्या बाया आल्या. ताईंनी शिवलेले ब्लाउज अंगात आणि ताईंच्याच घरात नाकाला पदर. घराला कुत्र्याचा वास येतो म्हणाल्या. मांजर पोत्यात घालून दूर सोडून यावं, असंही एकीनं सुचवलं, भजी खाताखाता. कोणीतरी फरशीवर निव्वळ फिनाइल ओतलं. सोनी त्यावरून चालत गेली आणि कपाटावर बसून पाय चाटू लागली. मांजर पायाला लागलेलं सगळं पोटात घेतं, म्हणून ताईंनी फिनाइल कधी घरात येऊ दिलं नव्हतं. मी तिला ओढून काढलं, चारही पाय कोमट पाण्यात धुतले. तिनं माझं मनगट ओरबाडलं.

‘तूही त्यातलीच झाली का वो?’ एक म्हणाली.

तिच्या तोंडाकडे पाहून मला जी किळस आली, तशी गोचिडांची कधी आली नव्हती.

सध्या मी आर्णीतच आहे. बंड्या दाराशीच पडून असतो. ताईंच्या खोलीत मशीनमागच्या दोरीवर शिवणातल्या उरलेल्या मऊ चिंध्या धुऊन टांगलेल्या आहेत. ताई त्या सोनीचे डोळे पुसायला वापरायच्या. आज तिच्या डोळ्यात हिरवट चिपड साचलं होतं, ओलं, बोटाला चिकटणारं. एक चिंधी पाण्यात भिजवली, तिचा डोळा हळूच पुसला. मग चिंधी साबणानं धुतली, पिळली आणि बाकीच्या चिंध्यांशेजारी वाळत घातली.