व्याह्यांचं वरूडचं संत्रं

दिल्लीत आमच्या ओळखीच्या एकाही मराठी घरातलं लिंबाचं झाड आज जन्मतः होतं तसं राहिलेलं नाही, आणि याला एकच माणूस जबाबदार आहे. तो म्हणजे माझे व्याही. केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात आयुष्यभर फायली पुढे सरकवून ते निवृत्त झाले आणि मयूर विहारच्या आपल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमागे लिंबू, मोसंबी, माल्टा, पपनस अशी सगळी आंबटगोड बिरादरी जमवून बसले. त्यातलं एखादं झाड नावडतं निघालं तरी ते उपटत नाहीत. "झाडाला काढायचं नसतं, विहीणबाई, त्याची ट्रान्सफर करायची असते," असं ते मला समजावतात. म्हणजे वरचं सगळं छाटायचं आणि त्याच बुंध्यात दुसऱ्या, चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला अंकुर, भरायचा. हा नियम ते स्वतःच्या अंगणापुरता ठेवत नाहीत, हीच काय ती अडचण.

लग्नाची बोलणी करायला ते पहिल्यांदा आमच्या नोएडाच्या घरी आले, तेव्हा सोफ्यावर बसायच्या आधी थेट बाल्कनीत गेले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, लेक नवी साडी नेसून उभी, आणि हे माझ्या कुंडीतल्या झाडाचं पान चुरगाळून हुंगतायत. "हे तुम्हाला संत्रं म्हणून विकलं?" मी हो म्हटलं. "शोभेचं आहे हो! फसवलं तुम्हाला. पण बुंधा मजबूत आहे, बिल्कुल काळजी करू नका." एवढं बोलून, पोहे खाऊन ते गेले. मुलगी पसंत पडली की नाही यावर आम्ही नवराबायकोने आठवडाभर डोकं खाजवलं. पुढच्या रविवारी ते चाकू घेऊन हजर झाले. झाडाला पट्टी बांधत असताना आमच्या ह्यांनी धीर करून विचारलंच. तेव्हा दातात धरलेलं पट्टीचं टोक न सोडता ते म्हणाले, "अच्छा, ते? ते तर त्याच दिवशी ठरलं की!"

त्या चाकूपायी त्यांना एकदा मेट्रोच्या दारात अडवलं होतं. पिशवीत डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या आणि शेजारी धारदार पातं. "ये क्या है, अंकल?" जवानाने विचारलं. "औज़ार है." "किस चीज़ का?" "संतरे का." जवान गोंधळला. पण बोलता बोलता त्याच्या गावी दारातल्या लिंबाला फळच धरत नाही असं निघालं, आणि मागे रांग खोळंबलेली असताना व्याह्यांनी त्याला छाटणी कधी करायची, पाणी कधी तोडायचं, सगळं सांगितलं. जवानाने आदराने नमस्कार केला. चाकू मात्र आत नेऊ दिला नाही. ते रिक्षाने करोल बागेला पोचले तेव्हा ज्यांच्या गच्चीवरच्या झाडासाठी गेले होते ते घरातले लोक जेवून झोपले होते. व्याह्यांनी बेल वाजवून त्यांना उठवलं.

या सगळ्या गोतावळ्यात त्यांचं एक लाडकं झाड होतं. वरूडजवळच्या त्यांच्या गावच्या बागेतलं संत्रं. त्यांचे वडील ते रोप गोणपाटात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन दिल्लीला आले होते. वडील गेले, झाड राहिलं. मुलांच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात व्याही आणि माझ्या विहीणबाई गावी गेले असताना शेजाऱ्यांनी पाणी घालायचं कबूल केलं, पण लू, म्हणजे उन्हाळ्यातले भाजणारे वारे, सुटल्यावर तेच पहाडावर निघून गेले. परत येऊन बघतात तर झाड वाळलेलं. व्याह्यांनी जेवण सोडलं. बुंध्याभोवती माती आणि खताचा ढीग रचला, रोज पाणी घातलं, आणि पावसाळ्यात तळातून हिरवे कोंब फुटले. त्यांनी आम्हाला फोन करून सांगितलं, "वाचलं!"

आता दुसऱ्या कुणाचं झाड असतं तर त्यांनीच त्याला झापलं असतं. संत्र्याच्या झाडाचं मूळ संत्र्याचं नसतंच, हे मला त्यांनीच शिकवलं. खाली जंबेरी नावाच्या काटेरी, आंबटढाण लिंबाचा बुंधा असतो आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरलेला असतो. त्या जोडाखालून फुटलेला कोंब म्हणजे जंबेरीचा. पण त्यांचा जोड त्या मातीच्या ढिगात गाडला गेला होता, आणि त्यांना तो उकरून बघायचा नव्हता. झाड दांडगं वाढलं, बोटभर काटे आले. "जोम आहे," ते म्हणायचे. काही वर्षांनी पिवळी, खडबडीत फळं लागली. "दिल्लीची हवा," ते म्हणाले.

हिवाळ्यातल्या एका दुपारी त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात उन्हाला बसवलं आणि पहिलं फळ कापलं. साल जाड, आत फिकट गर. कुणी कुणाकडे बघेना. मी एक फोड तोंडात घातली. डोळ्यांत पाणी आलं तरी गिळली आणि म्हटलं, "छान आहे, भाऊसाहेब." त्यांनी स्वतः एक फोड खाल्ली. बराच वेळ चावत राहिले.

"खोटं बोलू नका, विहीणबाई," ते हळूच म्हणाले. "जंबेरी आहे हे."

त्यानंतर त्यांनी चाकूला हात लावला नाही. गावच्या चुलतभावाला फोन करून त्याच बागेतल्या काड्या मागवल्या, तर कळलं की विहिरी आटल्यावर बाग केव्हाच काढून टाकली. लेक मला सासरहून फोनवर म्हणाली, "आई, इकडे बाबा नुसते बसून असतात. तू ये ना."

मी गेले तेव्हा होळी जवळ आली होती. डोळे भरायचा हंगाम. व्याही हातात करवत घेऊन झाडापुढे उभे होते आणि विहीणबाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या.

"एक सांग," ते बायकोला म्हणाले, "बाबांनी आणलं होतं ते काय होतं? वरचं की खालचं?"

विहीणबाईंनी कपडा झटकला. "त्यांनी झाड आणलं होतं. वरचं-खालचं तुम्ही करताय."

ते झाडाकडे वळले. मग करवत चालवली. एकेक काटेरी फांदी खाली आली. मला वाटलं, आता बुंधाच उरणार. पण भिंतीकडची एक फांदी त्यांनी ठेवली. बाकीच्या खुंटांवर माल्ट्याचे डोळे भरायचे होते, पण पहिला काप घ्यायच्या आधीच ते थांबले. त्यांनी चाकू माझ्यापुढे धरला. "तुम्ही करा. सालीपुरतंच कापा, लाकडाला लागू देऊ नका." मी कापत गेले, ते सांगत गेले, विहीणबाईंनी ओले हात पुसून पट्ट्या बांधल्या. तीनपैकी दोन डोळे जगले.

माल्ट्याला अजून फळ नाही. भिंतीकडची फांदी मात्र दर हिवाळ्यात लगडते. गेल्या महिन्यात गेले तेव्हा व्याह्यांनी तिच्यावरचं एक फळ तोडलं, कापलं, मीठ लावून माझ्यापुढे केलं.

"कसं आहे?"

"आंबट आहे, भाऊसाहेब. फार आंबट."

"आहेच," ते म्हणाले, आणि उन्हात खुर्ची सरकवून त्यांनी स्वतःसाठी दुसरी फोड घेतली.