त्यानं न जुळवलेला शब्द

बालाघाटच्या एका हिंदी साप्ताहिकाच्या छापखान्यात मी मशीन चालवायचो, माझा जोडीदार शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. बोलायचा कमी. जुळवता जुळवता बातमी ओठांत वाचायचा अन् खोटी वाटली की खिडकीतून पिचकन थुंकायचा.

एकदा बैहरचे बांबू तोडणारे मजुरीसाठी जंगल खात्याच्या दारात बसले. मालक सरकारी पक्षाचे. त्यांनी बातमीत 'उपद्रवी' लिहिलं. यानं सारी बातमी जुळवली अन् तेवढी जागा रिकामी ठेवली.

"काहून रे, येत नाही का तुले हा शब्द?"

"येते, मालक. पण ते मजदूर आहेत, नुसते बसून राह्यले. तुमचा शब्द तुम्हीच लावा."

"मग उद्यापासून येऊ नको!"

"हौ."

मालक बी.ए. होते, पण कोणत्या खणात कोणतं अक्षर, हे त्यांना काय माहीत! अर्धा तास शोधलं, बोटं काळी झाली. शेवटी म्हणाले, "लाव बाबा तुह्या मनासारखं."

त्यानं 'मजदूर' लावलं, हात धुतले, डबा उचलला अन् निघाला. मालकांनी दोनदा हाक मारली, तरी वळला नाही.

मी मशीन सुरू केली. दुसरी पास माणूस मी, नुसतं छापत आलो होतो. त्या दिवशी निघणाऱ्या हरेक कागदावर तो शब्द मी वाचला.